पाणी चढण्यापूर्वीचा ठराव

नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे, आणि ऐन पावसाळ्यात या दोन्ही नद्या फुगल्या म्हणजे तेथील दत्तमंदिरात जो क्रम घडतो, त्याकडे भाविक भक्तिभावाने पाहतात हे योग्यच आहे. परंतु संसारी माणसाने व्यवहारी दृष्टीने पाहावे असेही त्यात पुष्कळ आहे. पाणी पादुकांपर्यंत चढते, दक्षिणद्वाराने बाहेर वाहू लागते, त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लांबलांबून माणसे येतात, आणि पाणी आणखी चढू लागले की श्रींची उत्सवमूर्ती उचलून वरच्या अंगाला असलेल्या नारायणस्वामी मंदिरात नेऊन ठेवली जाते. त्यासाठी कोणी सभा बोलावत नाही, 'यंदा एवढे चढायचे नाही' म्हणून कोणी वाद घालत नाही, मूर्ती हलवणे म्हणजे देवस्थानची मानहानी आहे असेही कोणाच्या मनात येत नाही. कोणत्या पायरीला पाणी लागले म्हणजे काय करायचे, हे पुजाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ठरवून ठेवलेले आहे. पाणी त्या पायरीला लागते आणि ठरलेले काम निमूटपणे होते.

याच नद्यांच्या काठी २०१९ सालच्या ऑगस्टात माणसांनी जे केले, ते याच्या नेमके उलट होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरलेली आहे; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची खूण ४० फुटांवर आणि धोक्याची ४५ फुटांवर आहे. तेथे कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. हे आकडे काही कचेरीच्या दप्तरात दडवलेले नव्हते. ते वेळोवेळी जाहीर होत होते, मोबाइलवरून घरोघर फिरत होते. तरीही असंख्य कुटुंबे घरातच बसून राहिली, कारण त्यांच्यापाशी दुसरे एक माप होते आणि बंधाऱ्यावरच्या मापापेक्षा त्यांचा विश्वास त्या मापावर अधिक होता. ते माप म्हणजे २००५ सालच्या पुराची भिंतीवरची खूण. "पाचच्या पुरात उंबऱ्यापतूर आलं न्हवतं, आता कशाला येतंय?" हे वाक्य त्या आठवड्यात शिरोळपासून पलूसपर्यंत किती ओसऱ्यांवर उच्चारले गेले असेल, याची गणती करणे अशक्य आहे. ज्या खुणेने सावध करायचे, तिनेच माणसांना गाफील ठेवले. मग पाणी उंबरा ओलांडून आत आले, सामान माळ्यावर गेले, माणसे माडीवर गेली, माडीवरून स्लॅबवर गेली आणि तेथून नावेची वाट पाहत बसली. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट क्षमतेहून अधिक माणसे घेऊन निघाली आणि उलटली. तिच्यात बायका होत्या, लेकरे होती, आणि त्यांतली पुष्कळ परत आली नाहीत. त्या बोटीविषयी, तिच्या चालकांविषयी आणि वेळेवर न पोहोचलेल्या मदतीविषयी तेव्हा भरपूर लिहिले गेले. पण रस्ता कोरडा असताना आपल्या पायांनी निघालेल्या माणसाला बोटीची गरजच पडत नाही, ही साधी गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

म्हणून आपत्तीच्या तयारीविषयी बोलताना मेणबत्त्या, बिस्किटे आणि दोरखंड यांच्या याद्यांपासून आरंभ करण्याची जी रीत पडली आहे, ती मला मुळातच उफराटी वाटते. याद्या वाईट नव्हेत. त्यांच्याकडे पुढे वळायचेच आहे. परंतु घरात सर्व सामग्री सिद्ध असूनही घर सोडण्याचा निर्णय कोणी आणि कोणत्या क्षणी घ्यायचा हे ठरलेले नसेल, तर ती सामग्री माडीवर अडकून पडण्याचा काळ थोडा सुसह्य करते, एवढाच तिचा उपयोग. खरी पूर्वतयारी म्हणजे ऊन पडलेले असताना, चित्त स्वस्थ असताना, घरातील सर्वांनी एकत्र बसून केलेला एक ठराव: बंधाऱ्याचे पाणी अमुक फुटांवर गेले, किंवा ओढ्याचे पाणी अमुक वडाच्या पारापर्यंत आले, की आपण निघायचे, कोणी आज्ञा देण्याची वाट पाहायची नाही, शेजारी हलला की नाही हे पाहायचे नाही, आणि घरातल्या ज्येष्ठांनीही त्या वेळी हा प्रश्न पुन्हा उकरून काढायचा नाही. संकट दारात आल्यावर घेतलेला निर्णय हा बहुधा निर्णय नसतोच. ती एक घासाघीस असते, आणि तीत जिंकतो तो नेहमी आणखी तासभर थांबू म्हणणारा.

ओडिशाच्या किनाऱ्याचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९९९ सालच्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ साली फायलिन हे तितकेच उग्र भासणारे वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सरकारने ते धडकण्यापूर्वीच जवळजवळ दहा लाख लोकांना हलवले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. वादळ थोपवण्याची विद्या मधल्या चौदा वर्षांत कोणी शोधून काढली नव्हती. माणसे आधी निघाली, एवढाच काय तो फरक.

आता माणसे आधी का निघत नाहीत, याचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे. शहरात वातानुकूलित खोलीत बसून पूरग्रस्तांच्या हट्टीपणावर भाष्य करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आणि एक व्यायला टेकलेली गाय आहे, त्याला घर सोडायला सांगणे म्हणजे त्याच्या चरितार्थाला वाऱ्यावर सोडायला सांगणे होय. कोल्हापूर-सांगलीच्या दूधपट्ट्यात जनावर हे घरातले माणूसच असते. किंबहुना महिन्याच्या दुधाच्या बिलाचा हिशेब पाहिला तर काही माणसांहून अधिक जबाबदार. शासकीय निवारा म्हणजे बहुधा एखादी शाळा, आणि शाळेच्या वर्गात म्हैस बांधता येत नाही. त्यामुळे बायकामुलांना पाठवून कर्ता पुरुष जनावरांपाशी मागे राहतो आणि शेवटी त्यालाच स्लॅबवरून उचलावे लागते. यावर उपाय नाही असे नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना पूर नवा नाही; सोनतळीला त्यांना पूर्वीच पुनर्वसनाची जागा मिळालेली आहे. २०१९ मध्ये या दोन गावांतल्या पुष्कळांना नावांतून बाहेर काढावे लागले. त्यानंतरच्या पुरांत मात्र पंचगंगा चढू लागताच जनावरे, वैरण आणि भांडीकुंडी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत घालून माणसे आपण होऊन सोनतळीच्या वाटेला लागलेली दिसली. तेव्हा ठरावातले पहिले कलम गोठ्याचे असावे. जनावरे कोणाच्या माळावर नेऊन बांधायची याचा शब्द उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा, आणि चार दिवसांची वैरण तेथे आधीच टाकावी. आणि जनावरे हलवणे अगदीच अशक्य झाले तर शेवटी निघणाऱ्याने दावी सोडावीत, किंवा सुटत नसतील तर कापावीत. दावणीला बांधलेले जनावर जागीच बुडते, मोकळे जनावर पोहत उंचवटा गाठण्याचा संभव असतो.

दुसरे कारण चोरीचे भय. ते निराधार नाही. ओस पडलेल्या गल्लीत पाणी ओसरण्याआधी चोर शिरतात, हा अनुभव जुना आहे. पोलिसांनी बोटीने गस्त घालावी ही मागणी रास्तच आहे. पण दागिने आणि कागदपत्रे आधीच बाहेर गेलेली असतील तर मागे राहणाऱ्या कपाटासाठी जीव धोक्यात घालण्याचे प्रयोजन उरत नाही. तिसरे कारण कोणी उघड बोलत नाही: दुसऱ्याच्या दारात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकण्याचा संकोच, विशेषतः घरातल्या सुनांना आणि वयात आलेल्या मुलींना वाटणारा. ज्या निवाऱ्यात स्त्रियांसाठी बंद दाराची न्हाणी आणि शौचालय नाही, तेथे त्या शेवटच्या क्षणापर्यंत जाणार नाहीत, आणि त्यात दोष त्यांचा नाही.

ही सर्व निरवानिरव दिवे असतानाच झाली पाहिजे, कारण पूर असो वा वादळ, पहिला बळी विजेचा जातो. कित्येकदा तो जाणूनबुजून दिलेला असतो आणि देणे भागच असते. पाणी रोहित्रापर्यंत, किंवा गावच्या भाषेत डीपीपर्यंत, पोहोचल्यावरही महावितरणने प्रवाह चालू ठेवला तर पुराच्या पाण्यातून चालणारा माणूस जागच्या जागी मरेल. तेव्हा वीज तोडली म्हणून कार्यालयाला शिव्या देत बसण्यापेक्षा, वीज तोडली याचा अर्थ पाणी जवळ आले, हे ओळखून उठावे. वीज गेली म्हणजे केवळ दिवे जात नाहीत. नळाला पाणी चढवणारा पंप बंद पडतो; पुरात चहूकडे पाणी असून प्यायला घोटभर नाही अशी अवस्था त्यातूनच येते. मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेल पोहोचले नाही तर तोही मुका होतो. एटीएम बंद, आणि ज्याच्यावर आता भाजीवालाही विसंबून असतो तो मोबाइलवरचा पैसाही बंद. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांतल्या अनेक गावांत कित्येक आठवडे अंधार राहिला. वादळ एका दिवसात निघून गेले. खरी कसोटी पुढच्या महिन्याने घेतली. मुंबईकरांनी हसू नये: १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पारेषणवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई आणि आसपासचा मोठा प्रदेश विजेविना ठप्प झाला, लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, आणि उंच इमारतींतील वृद्ध माणसे विसाव्या मजल्यावर अक्षरशः नजरकैदेत पडली. त्या दिवशी ना पूर होता ना वादळ.

म्हणून अंधाराची तजवीज ही स्थलांतराच्या तजविजीची धाकटी बहीण समजून एकत्रच करावी. मध्यमवर्गीय घरात हल्ली इन्व्हर्टर असतो आणि तो असला की घरच्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटू लागते. त्याचे गणित मात्र फारसे कोणी मांडत नाही. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी कागदावर अठराशे वॉट-तास देते, प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास हाती लागले तरी पुष्कळ. पंचाहत्तर वॉटचे जुने दोन पंखे आणि दोन एलईडी दिवे लावले की सात तासांत ती संपते. तेच पंखे नव्या पद्धतीचे, तीस वॉटचे, असतील तर पंधरा तास पुरते. आणि त्यानंतर, वीज नाही म्हणून ती भरता येत नाही आणि भरलेली नाही म्हणून दिवा लागत नाही, अशी गत होते. त्यात बहुतेक घरांत तिची प्रतिष्ठापना जिन्याखाली जमिनीवरच केलेली असते, म्हणजे पाणी घरात शिरले की पहिली बुडते ती तीच. जेथे पाणी येण्याचा संभव आहे तेथे बॅटरी, मीटर आणि प्लगपॉइंट छातीच्या उंचीवर घ्यावेत. वायरमनला एका दिवसाची मजुरी पडेल, त्याहून अधिक नाही. दीर्घ अंधारासाठी सौरकंदील, सेलवर चालणारी एखादी बॅटरी, भरून ठेवलेली पॉवर बँक आणि बटणांचा साधा फोन यांची जोड हवी. सेलवर चालणारा रेडिओ ज्यांनी भंगारात दिला, त्यांनी पुन्हा एक घ्यावा. मनोरे कोसळल्यावर आकाशवाणी दूरच्या केंद्रावरूनही ऐकू येते. मेणबत्ती मात्र शेवटचा उपाय मानावा, आणि मच्छरदाणीजवळ तर कदापि लावू नये.

जनरेटरविषयी दोन शब्द कठोरपणे सांगितलेच पाहिजेत, कारण येथे चूक करणारा स्वतःबरोबर दुसऱ्यालाही मारतो. जनरेटर घरात, व्हरांड्यात किंवा बंद गाळ्यात चालवला की त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन वायू झोपलेल्या माणसांना उठूच देत नाही. आणि घरच्या बोर्डात उलटी वायर घालून सगळे घर त्यावर उजळण्याची जी युक्ती काही हौशी लोक करतात, तिच्यामुळे प्रवाह बाहेरच्या तारांत शिरतो. वीज बंद आहे अशा समजुतीने भर पावसात खांबावर चढलेला लाइनमन त्या प्रवाहाने मरतो. बदलीचा (चेंजओव्हर) स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडणे हा माझ्या मते गुन्हाच आहे.

औषधांचा प्रश्न याहून नाजूक. घरात मधुमेही असेल तर फ्रिज बंद पडल्यावर इन्सुलिनचे काय, ही काळजी घर सोडतानाही माणसाला मागे ओढते. वापरात असलेली कुपी सर्वसाधारण तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. उकाडा फार असेल तर कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूत किंवा पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावा, आजीच्या काळच्या या मडक्याला आता वैद्यकशास्त्राचीही मान्यता आहे. फक्त बर्फात घालू नये. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेला रुग्ण, डायलिसिसचा रुग्ण आणि नववा महिना लागलेली स्त्री यांनी ठरावातल्या फुटांची वाटसुद्धा पाहू नये. हवामान खात्याने लाल इशारा दिला की त्यांनी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, आणि पाणी आले नाही तर फेरी फुकट गेली म्हणून हळहळू नये.

आता निघताना काय न्यायचे. मी पाहिलेल्या तयारीत सर्वांत शहाणपणाची मला वाटली ती एका शेतकरी घरातली, जेथे पूजेच्या कोनाड्याखाली झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवलेला असतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला घरच्या सुनेने खडूच्या जाड अक्षरांत लिहिलेले असते: वर चष्मा, खाली कागद. तिच्या सासऱ्यांचा चष्मा मागच्या खेपेला राहिला होता. डब्यात सातबारा आणि आठ अ चे उतारे, खरेदीखताची नक्कल, आधारकार्डे, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, विम्याची कागदपत्रे, मुलांचे शाळेचे दाखले; अस्सल प्रती मेणकापडाच्या पिशवीत, आणि प्रत्येकाचे छायाचित्र परगावच्या मुलीच्या फोनवर. बाजूला आठवड्याची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दहा-वीस-पन्नासाच्या नोटांत थोडी रोकड, शिटी, बॅटरी, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि एका पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेले दूरध्वनी क्रमांक, कारण फोन बंद पडला की आपल्याला सख्ख्या भावाचाही क्रमांक आठवत नाही. त्यात ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि विजेच्या तक्रारीचा १९१२ हेही होते. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्याचे पाणी हिशेबात धरावे, आणि जे उचलून नेता येईल तेवढेच बांधावे. दार ओढण्यापूर्वी मेन स्विच खाली करायचा आणि गॅसचा रेग्युलेटर काढून टाकी साखळीने बांधायची. पुराच्या पाण्यात मोकळ्या टाक्या तरंगत जातात, आणि रेग्युलेटर तसाच असलेली टाकी वाटेत गळत जाते. ही कामे कोणाची, हेही नावानिशी ठरलेले असावे. सर्वांनी करायचे काम कोणीच करत नाही, याची साक्ष प्रत्येक एकत्र कुटुंब देईल.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक भयंकर आहे, कारण तेथे फूट मोजायला वेळच मिळत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, ते सर्वप्रथम एसटीच्या चालकाच्या ध्यानात आले, कारण नेहमीच्या ठिकाणी त्याला गावच दिसेना. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी याच रीतीने गेली. तळियेच्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, सावित्रीने महाड आणि वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. चिपळूणच्या बाजारपेठेतही माल फळीवर चढवताना पुष्कळांच्या मनात २००५ चीच खूण होती. डोंगरउतारावर घर असेल तर ठराव निराळा हवा: दोन दिवस संततधार लागली की रात्र तेथे काढायची नाही, दिवसा उजेडी खाली उतरून नातलगाकडे किंवा समाजमंदिरात झोपायला जायचे. जमिनीला नवी भेग पडली, झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, झाडे नाहीतर विजेचे खांब कलले, घराची दारे चौकटीत अडकू लागली, तर दोन दिवसही थांबायचे नाही.

परत येण्याचीही एक शिस्त आहे. पाणी ओसरले म्हणजे संकट टळले असे नव्हे. भिजलेल्या भिंतीत वीज उतरू शकते, म्हणून वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नये, फ्रिज आणि पंप तर मुळीच लावू नयेत. गाळात आणि कपड्यांच्या ढिगात घोणस वा नाग असतो. हात घालण्यापूर्वी काठी घालावी. अनवाणी गाळ उपसणाऱ्याला लेप्टोचा ताप गाठतो. मुंबईने २००५ च्या जुलैनंतर तो भोगला आहे. पायात बूट घालावेत, आणि प्रतिबंधक गोळ्यांविषयी आरोग्य केंद्रात विचारावे. पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब घालूनच प्यावे. आणि झाडलोट करण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत. तलाठ्याचा पंचनामा स्वच्छ सारवलेल्या घरात नुकसान शोधत नाही.

एवढे सगळे घराने केल्यावर सरकारची जबाबदारी संपते काय? मुळीच नाही, आणि मला येथे शासनयंत्रणेवर थोडे रागवायचे आहे. 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे' हे निवेदन दरसाल निघते, आणि ते वाचून सतर्क झालेला एकही नागरिक माझ्या पाहण्यात नाही; कारण आपण सखल भागात राहतो हे कोणालाच मान्य नसते. पाटबंधारे खात्याने नद्यांच्या काठी पूररेषा आखलेल्या आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा बांधकामाच्या परवानगीसाठी नकाशांवर भांडण्यापुरत्या वापरल्या जातात, बिल्डरांना त्या तोंडपाठ असतात. मात्र घरात राहणाऱ्या बाईला आपला उंबरा कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे हे कोणी सांगितलेले नसते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर, रंगाने लिहिले पाहिजे की बंधाऱ्याला अमुक फूट पाणी झाले म्हणजे येथे पाणी येते आणि अमुक फूट झाले म्हणजे हा रस्ता बंद होतो. सूचना फुटांत आणि गल्लीच्या नावाने आली तर माणूस तिच्यावर ठराव करू शकतो. 'सतर्क राहा' या शब्दांवर काहीच करता येत नाही. यासाठी फार खर्च नाही. रंग लागतो, शिडी लागते, आणि तलाठी व ग्रामसेवक यांनी एक दिवस गावातून पायी फिरावे लागते.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरतीच भरते, हे ठाऊक आहे; तरी नदीकाठच्या आणि डोंगरउतारावरच्या प्रत्येक घरातून एक माणूस, आणि शक्य तर एक बाई, त्या दिवशी तेथे जावी आणि एवढेच विचारावे: आमच्या आळीने कोणत्या फुटाला निघायचे, निवारा कोणता, तेथे बायकांच्या न्हाणीची सोय आहे काय, जनावरे कोठे बांधायची आणि वैरण कोण देणार. मिळालेली उत्तरे तोंडी घेऊ नयेत. ती इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि त्याची नक्कल घरच्या त्या डब्यात ठेवावी.